उंडीच्या तेलावर

ऐंशी सालचा शिमगा सरला आणि डिझेल मिळेनासं झालं. आधी म्हणाले आठ दिवसांत येईल. मग म्हणाले तहसीलदाराची चिठ्ठी आणा. चिठ्ठी आणली तर शेतीच्या पंपाला आठवड्याला पाच लिटर, तेही टँकर आला तर. सडेवाडीत पंप एकच, गोदाच्या घरचा, नि तो खाली नदीच्या कोंडीवर, डोहाच्या काठी, चार दिवस गप्प बसून होता.

वर सड्याच्या पठारावर गोदाची आंब्याची बेचाळीस कलमं होती. नुसत्या कातळात सुरुंगाने खड्डे पाडून, त्यात नदीकाठची माती डोक्यावरून टोपल्या टोपल्यांनी नेऊन तिने ती लावली होती. लावली तेव्हा नवरा कलकत्त्याच्या लाईनवर ट्रक चालवत होता नि मुलगी राही लग्न होऊन मंडणगडला गेलेली. घरात दुसरं माणूस नव्हतं. संध्याकाळी भात रटरटायला लागला की बोलायला कोणी नाही म्हणून ती कलमांशी बोलायची. हा त्यांचा तिसरा उन्हाळा. हा निघाला की मुळं कातळाच्या फटीत आपली आपण वाट काढतील, मग पाणी घालावं लागणार नाही, असं तिच्या भावाने सांगितलं होतं. एवढाच एक उन्हाळा.

सकाळी तिचा नवरा भागोजी डिझेलचा डबा घेऊन रत्नागिरीला गेला होता. ही तिसरी खेप. गोदा कलमांवरचे सावलीचे झाप नीट करत होती, तिला खालच्या वाटेने दोन माणसं येताना दिसली. पुढचा भागोजी. मागचा ठेंगणा, पोट सुटलेला, खांद्यावर पिशवी नि हातात डबा, आणि मोठमोठ्याने बोलत येणारा.

ती लगबगीने उतरून अंगणात आली.

"आणलंत काय?"

"दोन लिटर," भागोजी म्हणाला. डबा त्याने ओटीच्या कडेला चाचपून ठेवला. "ह्यो लवू."

लवूचं नाव तिने ऐकलं होतं. भागोजीच्या गाडीवर क्लीनर म्हणून चढला, मग त्याच गाडीवर दुसरा ड्रायव्हर झाला. अकरा वर्षं दोघं एका गाडीवर. मग तो लाईन सोडून गेला, त्याला नऊ वर्षं झाली. लग्नात नाही, बारशात नाही, गोदाने त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

"वयनी, काय सांगू," लवू ओटीवर बसता बसता सुरू झाला. "सकाळी सातपासून रांगेत हाय. माज्या म्होरं ह्यो माणूस. पाठ बगतोय, चार तास पाठच बगतोय. नि मग ह्यो खोकला. मी म्हटलं, अरे! ह्यो खोकला तर माज्या उशाशी होता अकरा वर्षं! खांद्यावर हात टाकला नि म्हटलं, उस्ताद, गाडी कुठं लावलीस?"

"तोंडावरनं वळखलं नाय?" गोदाने विचारलं.

"तोंड कधी बगितलं? ह्यो चालवणार तवा मी झोपणार, मी चालवणार तवा ह्यो. जेवायला बसलो तरी दोघांची नजर गाडीवर, ताडपत्री कोण फाडतंय काय म्हणून."

भागोजी हसला. खळखळून नव्हे, पण दात दिसले. गोदा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी मालकाने गाडी विकली म्हणून हा माणूस पत्र्याची पेटी घेऊन घरी आला, तेव्हापासून ह्या ओटीवर बसून होता. विचारलं तर उत्तर द्यायचा. पण बोलताना तो तिच्याकडे बघत नसे, तिच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघे. चोवीस वर्षं गणपतीचे आठ दिवस नि शिमग्याचे चार, एवढाच त्यांचा संसार. एवढ्यात माणूस आपल्याला ओळखीचा झाला नसेल, किंवा ओळखून नकोसा झाला असेल, असं ती मनाशी म्हणे नि कामाला लागे.

लवू रात्री राहिला. जेवणं उरकली तोवर दिवा लावला होता. रॉकेलचीही बोंबच होती, म्हणून गोदा माहेराहून आणलेलं उंडीचं तेल जाळत असे. तिचं माहेर खाडीच्या तोंडाशी, तिथे दारोदार उंडीची झाडं. बिया वाळवून घाण्यावर द्यायच्या, हिरवंकाळं दाट तेल निघायचं. खायला कडू जहर, दिव्याला आणि दुखऱ्या गुडघ्याला मात्र चांगलं.

लवूने नाक वर करून वास घेतला. "उंडी काय गो वयनी? आमच्या हर्णैला जुने तांडेल होडीला फासतात." तो आता हर्णैला मच्छीमारांच्या लाँचींची इंजिनं बघत असे; तिकडे डिझेल मिळेना म्हणून रत्नागिरीला रांगेत लागला होता. मग त्याने भागोजीच्या मांडीवर थाप मारली. "उस्ताद. रायपूरच्या फुडं. आठवतंय?"

"सरसोंचं तेल," भागोजी म्हणाला.

"वयनी, ऐक. गाडीत सरसोंच्या तेलाचे डबे भरलेले. टाकी कोरडी. जंगल, माणूस नाय काणूस नाय. ह्याने काय करावं? दोन डबे फोडले नि दिले टाकीत वतून!"

"एक डबा."

"दोन! आठ मैल गेलो. नि मागनं असा वास, असा वास, गावाची कुत्री धावताहेत गाडीमागं. लोणच्याची बरणी फुटल्यावानी. मालकाने विचारलं दोन डबे कमी कसे, तर ह्यो म्हणतो गळले."

"मग गळलेच की," भागोजी म्हणाला, "नळीतून."

दोघं इतके हसले की भागोजीला खोकला लागला. गोदा उष्टी काढत होती. तिच्याही ओठांवर हसू आलं, पण ते कोणाला दाखवावं हे तिला समजेना. ताटं घेऊन ती मागीलदारी गेली, भांड्यांना राख लावता लावता आतलं बोलणं ऐकत राहिली. रायपूर, संबलपूर, खरगपूर. कुठल्याशा धाब्यावरची म्हातारी भागोजीला 'बेटा' म्हणायची. गोदाला हे काहीच ठाऊक नव्हतं. परक्या बाईच्या घरात डोकावल्यासारखं तिला वाटलं.

सकाळी दोघं तिच्या तेलाची कळशी घेऊन कोंडीवर निघाले.

"ओ, दिव्याला काय लावू मग?" तिने मागून विचारलं.

"दिवा काय गो," लवू म्हणाला, "तुजी कलमं पेटायला नकोत ना उन्हानं? मग दे."

ती गेली त्यांच्या मागोमाग. पंप तिचा, तेल तिचं, कलमं तिची.

लवूने कुठून कुठून सामान जमवलं होतं: बिस्किटाचा पत्र्याचा डबा, सलाईनची रबरी नळी, एक पितळी कॉक. तिच्या जुन्या लुगड्याच्या पदरातून तेल तीनदा गाळलं. डबा तारेने सायलेन्सरच्या पाईपला बांधला. "धुराड्याच्या उबेनं पातळ होतंय," तो म्हणाला. "थंड तेल इंजिनाच्या गळ्याखाली उतरायचं नाय. म्हणून आधी डिझेल पाजायचं. तापलं की कॉक फिरवायचा, उंडी. नि बंद करायच्या आधी परत डिझेल, पाच मिनटं. नळी धुऊन निघाली पायजे. उंडी आत राहिली नि थंड झाली की संपलं, डिंक होतो तिचा. उस्ताद, कळलं?"

"तू माजा क्लीनर होतास रे."

"म्हणून तर सांगतोय. तू आयकत नव्हतास तवापण."

भागोजीने हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन धडधडलं. थोड्या वेळाने लवूने कॉक फिरवला. इंजिन अडखळलं, ठाक ठाक करून दोनदा शिंकल्यासारखं झालं, नि धुराड्यातून पांढरा धूर आला. दोघं एका बाजूला मान कलती करून ऐकत उभे होते. अगदी एकसारखे. मग ठोका जमला, आणि वर, पार वर सड्यावरच्या हौदात पाणी पडल्याचा आवाज आला.

गोदा धावत वर गेली. पाण्याला हात लावला. पाटाची दारं मोडून तिने पाणी पहिल्या ओळीला सोडलं. खालून लवूची आरोळी आली, "उस्ताद, कलकत्ता आला काय बग!"

तीन दिवसांत ही गोष्ट वाडीभर झाली. शेजारचा रावजी बांधावर येऊन नाक दाबून उभा राहिला. "काय रे भागोजी, वडे तळतोस काय इंजिनात? आमाला बोलव खायला."

"देवाच्या दिव्याचं तेल पंपात घालतायत," त्याची बायको म्हणाली. "भोगायला लागंल."

भागोजीने मान खाली घातली. लवूने मात्र सुनावलं, "काकी, देवाला उजेड पायजे तर त्यानंच पाऊस पाडावा की लवकर!"

तेल संपत आलं. गोदा लवूला घेऊन एस.टी.ने माहेरी गेली नि भावाच्या माळ्यावरच्या वाळल्या बियांची चार पोती घेऊन आली. मग आठ दिवस तिघांनी अंगणात बसून बिया फोडल्या. गोटीएवढी टणक बी दगडावर धरायची, दुसऱ्या दगडाने ठेचायची, आतला गर काढून उन्हात टाकायचा. गोदाची बोटं काळी पडली. हात कितीही धुतला तरी कडूपणा जाईना, भाताचा घास तोंडात गेला की कडू लागायचा. लवू दिवसभर बोलत असे. भागोजी कमी बोले, पण बोले. त्याच्या हाताखालचा दगड वरचेवर बोटावर बसायचा. नखं काळीनिळी झाली. "ड्रायव्हरचे हात, ठेचायची सवय नाय," असं म्हणून लवू त्याच्यापुढची बी आपल्याकडे ओढून घ्यायचा नि फोडलेला गर निवडायला त्याच्यापुढे सारायचा. रत्नागिरीच्या घाण्यावरून दोन डबे तेल आलं. लवूने हिशेब मांडला, मिरगापर्यंत पुरेल.

नवव्या दिवशी लवू निघाला. हर्णैहून लाँचीच्या मालकाचा निरोप आला होता.

"आठ दिवसांनी येतो," तो म्हणाला. भागोजी एस.टी.च्या वाटेवर पुढे गेला होता. लवू जरा मागे रेंगाळला. "वयनी, इंजिन बंद करायच्या टायमाला तू उस्तादच्या बाजूला उभी राहा हां."

"होय, पाच मिनटं डिझेल. आहे माज्या ध्यानात."

लवूने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग पिशवी खांद्यावर टाकली. "होय. तेच," म्हणाला.

तो गेल्यावर ओटी परत पहिल्यासारखी झाली. भागोजी खांबाला टेकून बसू लागला. गोदाने दोनदा प्रयत्न केला. "ती धाब्यावरची म्हातारी," तिने विचारलं, "जिती हाय काय अजून?" "काय ठाऊक," तो तिच्या खांद्यापलीकडे बघत म्हणाला. लवूने विचारलं असतं तर तासभर बोलला असता. ती उठून गुरांना पेंढा घालायला गेली.

पाचव्या दिवशी ती सड्यावर पाणी वळवत होती नि पाईपचा वरचा जोड निसटला. पाणी फवारा मारून उडालं. "ओ! बंद करा! पाईप सुटला!" ती वरून ओरडली.

इंजिन जागच्या जागी बंद झालं.

ती जोड बसवायला बसली. सुंभ गुंडाळून, चिखलाने भरलेल्या हातांनी आवळता आवळता अर्धा तास गेला. वरून हाक मारली, "करा सुरू!" इंजिन सुरू झालं नाही. तिने वाट पाहिली. हँडलचा खडखडाट ऐकू येत होता, पुन्हा पुन्हा. मग तोही थांबला. तेव्हा तिच्या लक्षात आलं. पाच मिनिटं डिझेल. चोवीस वर्षं ज्याने गाडी थांबली की पहिली किल्ली फिरवली, थेंब वाया जाऊ दिला नाही, त्याच्या हाताने आपलं काम केलं होतं. आणि हाक मारणारी तीच होती.

ती खाली आली तर भागोजी इंजिनापाशी दोन्ही गुडघे नि दोन्ही हात टेकून होता. इंजिनात तेल फवारणारं नोजल खोलून फडक्यावर मांडलं होतं. तो सुक्या पानांतून तळवे फिरवत होता, हळूहळू, भात कांडल्यावर दाणा शोधतात तसा.

"काय शोधता?"

तो दचकला. "काय नाय. बसलोय जरा."

नोजलची सुई पडली होती. बोटाएवढी, लखलखीत, त्याच्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर, भर उन्हात. त्याचा हात तिच्या बाजूने गेला, परत आला, पुन्हा गेला. पन्नाशी उलटली, कोणाचं बारीक दिसणं राहतं, गोदाने मनाशी म्हटलं. मग पायाच्या अंगठ्याने तिने ती सुई हळूच त्याच्या बोटांकडे ढकलली.

"मिळाली," तो म्हणाला. आवाज मोकळा झाला होता. "इथंच होती."

"होय," ती म्हणाली.

सुई मिळाली, पण नोजल जळलं होतं. तोंडाशी उंडीचा काळा डिंक बसून बारीक भोक बुजलं होतं, ते मोकळं करायला तार घातली तर तोंडच चिरलं. रत्नागिरीच्या दुकानात तसलं नोजल नव्हतं, कोल्हापूरहून मागवायला तीन आठवडे लागणार होते. भागोजीने ते फडक्यात गुंडाळून दापोलीकडे जाणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरकडे दिलं, हर्णैला लवूकडे पोचवायला. "त्याच्याकडं असणार," तो म्हणाला. "नसलं तर तो घडवील."

तोवर पाणी वाहायचं. भागोजीने रॉकेलच्या दोन डब्यांची कावड केली, गोदाने डोक्यावर हंडा नि कमरेवर कळशी घेतली. कोंडीपासून सड्यावर चढ उभा, निसरड्या जांभ्याचा. बेचाळीस कलमांना दिवसाआड पाणी द्यायचं तरी चाळीसएक डबे रोज चढवायला हवे होते. दोघांकडून तीस होत नव्हते. भागोजीने वहाणा काढून ठेवल्या. कातळ तापून तव्यासारखा झालेला, तरी तो अनवाणी चालायचा. तिसऱ्या दिवशी त्याच्या खांद्याचं कातडं सोललं, गोदाने उंडीचं तेल लावलं. तो कळवळला, पण हलला नाही. तिच्या मानेतून कळ उठून कानापर्यंत जात असे. झोपायच्या आधी दोघं आपापल्या चटईवर कण्हत, एकमेकांना ऐकू जाऊ नये एवढ्या बेताने.

सहाव्या दिवशी एस.टी.चा ड्रायव्हर स्वतः उतरून वाटेवर आला. फडकं जसंच्या तसं होतं.

"लवू मालकाच्या लाँचीवर गुजरातेत वेरावळला गेला म्हणतात. दहा दिवस झाले. येईल तवा येईल."

"चिठ्ठी?" भागोजीने विचारलं. "टपरीवर, कोणाकडं?"

"नाय."

"बोलला असंल काय कोणाकडं."

"नाय, बाबा. मी इचारलं."

म्हणजे इथून गेला तो दोन दिवससुद्धा हर्णैला थांबला नव्हता. भागोजीने फडकं हातात घेतलं. गाडीने हॉर्न दिला, गेली. तो वाटेवरच उभा राहिला. गोदा हंडा घेऊन बाजूला आली तेव्हा म्हणाला, "लाईनवर असंच. कोण कोणाची वाट नाय बगत." आणि थोड्या वेळाने, "चांगला माणूस हाय पण तो."

"हाय की," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ती एकटी सड्यावर गेली. ओळीतून फिरली. पानं वळलेली, शेंडे झुकलेले. काहींची साल नखाने खरवडली तर आत तपकिरी. बारा तिने सोडली. ज्या खड्ड्यांत तिने जास्त माती घातली होती त्यांतलीही तीन त्यात होती. उरलेल्या तिसांना लुगड्याची लाल चिंधी फाडून बांधली, चांगली हातभर लांब.

सकाळी भागोजीला सांगितलं, "लाल चिंधी असेल त्यालाच पाणी घाला. बाकीची ऱ्हाऊ द्या."

"हां," तो म्हणाला.

पुढचे दिवस ती खालच्या ओळी करत होती नि तो वरच्या. एकमेकांच्या वाटेत येत नसत. चौथ्या दिवशी सकाळी तिची कळशी रिकामी होती नि ती सहज वर गेली. कोपऱ्यातलं कलम मेलेलं, पानं गळून नुसती काडी. त्याच्या बुडाशी ओल होती. आजची ओल, माती अजून काळी. त्याच्या पलीकडचं, लाल चिंधीचं, धुळीसारख्या मातीत उभं होतं, पानं मुठीसारखी मिटलेली. ती पुढे गेली. पुन्हा तेच. मेलेल्या तिघांच्या मुळाशी पाणी, चिंधीच्या चौघांना थेंब नाही.

भागोजी कावड घेऊन चढून आला. पावलांनी जमीन चाचपत, खड्ड्याच्या कडेचा दगड अंगठ्याला लागला की थांबत. त्याने डबा उचलला नि त्या काडीच्या मुळाशी जपून, एक थेंब बाहेर न सांडता, ओतला. लाल चिंधी त्याच्यापासून चार हातांवर वाऱ्याने फडफडत होती. गोदा त्याच्या समोर उभी होती. तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता.

सुईसारखी ही चिंधी पायाने त्याच्याकडे ढकलता येणार नव्हती. गप्प राहावं, तो गेल्यावर चारांना आपणच पाणी घालावं, एवढं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. चार कलमं म्हणजे आठ डबे. तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"ओ," ती म्हणाली. "हे कलम मेलंय."

तो थबकला. डबा हातात तसाच.

"जितं पलीकडं हाय. तुमच्या डाव्या हाताला."

त्याने डबा बाजूला ठेवला. मग खाली बसला. हाताने ती काडी चाचपली, वरपासून खालपर्यंत. "पान नाय," तो म्हणाला. "आदी हात लावायला पायजे होता."

"कधीपासनं?"

"चार वर्षं. उजवा आधी गेला. आता डाव्यात धुरळा. मुंबईच्या डॉक्टरानं सांगितलं, नस सुकलीय, ऑपरेशन नाय त्याला." त्याने घाम पुसला. "मालकानं गाडी नाय गो विकली. नाशकाच्या अलीकडं बैल आला म्होरं, पहाटेचा. मला दिसलाच नाय. गाडीवान वाचला. दुसऱ्या दिवशी मीच किल्ली दिली मालकाला. लवूला ठाऊक नव्हतं. इथं बिया फोडताना वळखलं त्यानं."

गोदा तिथेच तापल्या कातळावर बसली. लवूने वाटेवर उघडून मिटलेलं तोंड तिला आठवलं. दोन वर्षं.

"माज्याकडं बगत नव्हता म्हणून..." ती म्हणाली.

"लुगडं दिसतं तुजं. रंग कळतो. तोंड नाय दिसत. कडेकडेनं थोडं दिसतं, म्हणून बाजूला बगतो."

तिने नाक पदराला पुसलं. "मग काय मोठं गेलं तुमचं? म्हातारी झालेय मी. दात पडलाय पुढचा."

"पडला? कधी?"

"गेल्या गणपतीला."

"बोलली नाहीस."

"तुमी तरी कुठं बोललात?"

तो हसला. लवूशी हसायचा तसा नव्हे, कसाबसा, घशातल्या घशात. मग उठला, कावड खांद्यावर घेताना सोललेल्या जागी लाकूड टेकलं नि त्याने दात आवळले. गोदाही उठली. हंडा कळशी तिने तिथेच ठेवली.

"तुमी पाणी आणा. मी जित्या कलमापाशी उभी राहते. हाक मारीन तिकडं या."

ती पहिल्या चिंधीपाशी जाऊन उभी राहिली. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही, तिने आयुष्यात घेतलं नव्हतं. वर्षाच्या त्या बारा दिवसांत त्याला हाक मारायची वेळही क्वचित आली होती.

"ओ!" ती म्हणाली.

तो आवाजाच्या रोखाने आला. पावलं जरा चुकली, तिने पुन्हा हाक मारली, ती सरळ झाली. तिने त्याचा हात धरून झाडाच्या शेंड्यावर ठेवला. पान बोटांत येताच त्याने ते अलगद सोडलं नि डबा ओतला. माती चर्र करून प्यायली. ती पुढच्या चिंधीकडे गेली.

"ओ!"

"आलो."

रावजी आपल्या बांधावरून बघत होता. "काय गो गोदा," त्याने विचारलं, "सकाळधरनं कोणाला हाळ्या घालतेस?"

"माज्या घोवाला," ती मोठ्याने म्हणाली. सड्यावर तिचा आवाज घुमला.

थोड्या वेळाने रावजी बांध उतरून खाली गेला नि येताना त्याच्या हातात पाण्याने भरलेली बादली होती. ती त्याने गोदाच्या पायाशी ठेवली, मान न वळवता परत गेला.

ऊन डोक्यावर आलं. तिचा घसा बसला. हाक फाटल्यासारखी यायला लागली, तरी खालून प्रत्येक वेळी उत्तर येत होतं. आठ झाली, नऊ. दहाव्यापाशी ती उभी राहिली तेव्हा भागोजी चढाच्या पार तळाशी होता, दिसतही नव्हता. एक पान तिने उचलून पाहिलं. मिटलेलं होतं, पण देठाशी हिरवं होतं. आजची अजून पाच बाकी होती, नि उद्या उरलेली पंधरा.

"ओ!"

पाण्याच्या डब्यांचा हिंदकळण्याचा आवाज आला, मग खोकला, मग त्याचा आवाज.

"आलो गो. तिथंच थांब."

ती थांबली.